हर्षा ऑनलाइन आहे

अमरावती,
२७ ऑक्टोबर २०२५

चि. हर्षा,

आपल्या वऱ्हाडात मामानं भाचीच्या पाया पडायची रीत आहे, म्हणून आधी पाया पडतो आणि मग भांडतो.

भाऊबिजेला तुझी आई आली. ओवाळलं, लाडू ठेवले आणि पिशवीतून तुझा मोबाईल काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, "हर्षानं सोडला. तुह्या दुकानात जुन्यात विकून टाक." मी राजकमल चौकाजवळ बावीस वर्षं मोबाईलचं दुकान चालवतो. दुकानाला पोरीचं नाव दिलं, खुशी मोबाईल. आणि माझी सख्खी भाची मोबाईल सोडते, म्हणजे हलवायाच्या भाचीनं साखर सोडल्यासारखं आहे. गिऱ्हाइकांना कळलं तर म्हणतील, घरचेच खात नाहीत तर आम्ही कशाला खावं.

पण मी पत्र लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. तुझ्या त्या बटणाच्या डबड्यावर फोन केला तर माझा आवाज अख्ख्या डाबकी रोडला ऐकू जातो, आणि तुझी आई मधूनमधून उत्तरंही देते. म्हणून हे पाकीट. शाळेच्या पत्त्यावर धाडतो आहे.

काल मनोज आला होता. तुझ्या बाबांचा फुलबाजारातला दोस्त, तुझं स्थळ आणणारा. त्याचं तोंड पाहूनच कळलं की लाडू खायला आलेला नाही. पातूरच्या पाहुण्यांनी तुला पसंत केलं, तुझ्याकडूनही हो गेलं. ठरलं काय होतं, की पोरगा-पोरगी महिनाभर फोनवर बोलतील आणि मग साक्षगंध करू. आता मनोज म्हणतो, तिकडून तुला 'शुभ दीपावली' आलं होतं, त्यावर एकच टिक. चार दिवस झाले, एकच टिक. आणि आता त्यांना कुठूनतरी कळलं की पोरीकडे मोबाईलच नाही.

तू शिकलेली आहेस, तरी तुला आपली माणसं सांगतो. पंचविशीतल्या, बी.एड. झालेल्या पोरीकडे मोबाईल नाही, याचा अर्थ आपल्याकडे एकच लावतात. घरच्यांनी काढून घेतला. काढून घेतला म्हणजे भानगड असणार. पोरीनं आपल्या मनानं मोबाईल सोडला, हे पातूरला काय, मलाही अजून पटलेलं नाही. मनोज म्हणाला, "धर्मेंद्रभाऊ, ते चौकशीले लागले. अशानं स्थळ जाईन."

तर सरळ विचारतो. हा पातूरचा नितेश तुला हवा आहे का? हवा असेल तर आजच्या आज मोबाईल परत ने. नको असेल तर तसं सांग, पुढचं मनोजला मी सांगतो.

तुझा मामा,
धर्मेंद्र

---

अकोला,
१ नोव्हेंबर २०२५

ती. मामांना नमस्कार.

पत्र मिळालं. शिपाईकाकांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर आणून दिलं आणि म्हणाले, "मॅडम, कोर्टाचं तर नाही ना?" आजकाल पाकिटातून तेवढंच येतं.

मोबाईल का सोडला ते आईला सांगून झालं, बाबांना सांगून झालं, शेजारच्या पार्बताबाईंनाही सांगून झालं. तुम्हाला शेवटचं सांगते. शाळेचे माझ्या मोबाईलवर अकरा गट होते. पालकांचे पाच, शिक्षकांचे तीन, आणि उरलेले कशाचे होते ते कोणालाच माहीत नव्हतं, पण त्यातून बाहेर पडलं की मुख्याध्यापक बोलावून घ्यायचे. पालक जेवताना विचारणार, "मॅडम, उद्या चित्रकलेची वही आणायची काय?" मी उत्तर देणार, हो, आणा. त्याखाली चाळीस जण हात जोडणार. मग ज्यांनी वाचलं नाही ते परत तेच विचारणार. दसऱ्याच्या आधी बाबा रात्रंदिवस झेंडू तोडत होते आणि मी बांधावर बसून लोकांच्या हात जोडण्याला हात जोडत होते. बाबांनी मला एक हाक मारली, दोन मारल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी शेजारून किशोरला बोलावून टोपली उचलली. मला बोलले काही नाहीत. ते बोलले असते तर मी मोबाईल सोडला नसता.

आता मी शाळेच्या फाटकावर पाटी लावली आहे. उद्या काय आणायचं ते खडूनं लिहिते. पहिले दोन दिवस पालक भांडले. आता फाटकावर उभे राहून वाचतात आणि आपसात बोलतात. एक जण तर म्हणाला, "मॅडम, बरं झालं. मी पण ते बंद करून टाकलं. बायकोले सांगतलं, शाळेनं सांगतलं म्हणून." मी काही सांगितलं नव्हतं. लोक नुसतं निमित्त शोधून राहिले आहेत, मामा.

तुम्ही विचारलं त्याचं उत्तर. हो, मला तो हवा आहे. पाहायला आले तेव्हा सगळे हॉलमध्ये पोहे खात होते आणि आम्हाला 'बोलून घ्या' म्हणून मळ्यात धाडलं. तो शेवंतीकडे पाहत राहिला. मला वाटलं लाजतो आहे. मग म्हणाला, "मावा पडला आहे खालच्या पानांवर. आज फवारा, नाहीतर दिवाळीत फूल हाती लागणार नाही." मी त्याला सांगितलं, लग्न झालं तरी शाळा सोडणार नाही, पातूरहून बसनं येईन. तो म्हणाला, "नका सोडू." बस. त्या दोन शब्दांसाठी मी हो म्हटलं.

म्हणून मामा, तुम्हीही एक लक्षात ठेवा. मला नितेश हवा आहे, पण शाळा सोडून नको. दोन्ही मिळालं तर हवं आहे.

त्याचा फोन अजून आलेला नाही. माझा नंबर तोच आहे, या डबड्यात आहे. पहिला फोन पोराकडून यावा असं मोठ्या माणसांनी ठरवलं होतं. मी केला तर आगाऊ. म्हणून मी वाट पाहते. मोबाईल परत नको. पुसून विकून टाका.

तुमची,
हर्षा

---

अमरावती,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. हर्षा,

पाया पडतो.

तू काळजी सोड. पातूरची मी सगळी माहिती काढली. कुठून काढली ते विचारू नकोस, धंद्यात माणसाचे हात लांब असतात. चौकशी थांबली आहे. मनोज परवा स्वतःहून पेढे मागायला आला होता.

पोराबद्दल ऐक. फार समंजस आहे. इतका समंजस पोरगा या वयात मी पाहिलेला नाही. सकाळी पाचला उठतो. रात्री नऊला झोपतो आणि झोपतो म्हणून सांगून झोपतो. थंडी पडली तर दुसऱ्याला कान झाकायला सांगतो. पित्ताचा त्रास आहे, पण धन्या-जिऱ्याच्या पाण्यावर भागवतो, डॉक्टरकडे पैसे घालत नाही. गुडघे सकाळी आखडतात. करंजीचं तेल लावतो. बोलण्यात मोठ्यांबद्दल आदर. मला तर या पोराशी बोलल्यावर, म्हणजे त्याच्याबद्दल ऐकल्यावर, बरं वाटायला लागलं आहे. संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा डोक्यात तोच असतो.

एक सहज विचारतो. तुला भरली वांगी येतात का? आणि तुझा वाढदिवस तिथीनं कधी असतो?

तुझी शाळेची पाटी मी दुकानात सगळ्यांना सांगितली. चूक केली. आता दिवसाला दोन-तीन जण येतात आणि बटणाचा फोन मागतात. काल एक तहसीलमधला साहेब आला, हळूच म्हणाला, "तसला आहे का, ज्यात काहीच नाही?" जसं काही मी गावठी विकतो. मी काउंटरखालून काढून दिला. त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून नेला.

तुझा मोबाईल अजून विकला नाही. चांगलं गिऱ्हाईक पाहून राहिलो आहे.

मामा

---

अकोला,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. मामांना नमस्कार.

तुमची माहिती वाचली. मामा, तो एकोणतीस वर्षांचा आहे. त्या दिवशी मळ्यात त्यानं पाण्याचा पाट एका उडीत ओलांडला आणि मला म्हणाला, "तुम्ही तिकडून फिरून या." त्याचे गुडघे कधीपासून आखडायला लागले? तुमच्या लांब हातांनी दुसऱ्याच कोणाची माहिती तर आणली नाही?

भरली वांगी येतात. तिथी आईला विचारा. पण हे तुम्हाला कशाला हवं?

फोन आला नाही. आता मला त्याचं काही वाटत नाही असं लिहिणार होते, पण पत्रात खोटं लिहिणं जड जातं, हात थांबतो. वाटतं. संध्याकाळी डबडं उशाशी ठेवते आणि मग राग येऊन स्वयंपाकघरात ठेवते. मग तिथून ऐकू येईल का म्हणून पुन्हा उशाशी आणते. हे माझ्यासारख्या मोबाईल सोडलेल्या बाईनं करावं, हे तुम्ही कोणाला सांगू नका.

शाळेत बरं चाललं आहे. आकांक्षा मॅडमनी पण बटणाचा घेतला. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. मला वाटलं आता गेली नोकरी. त्यांनी दार लावलं आणि विचारलं, "मॅडम, आधी काय होतं? हात थरथरतात का?" मी म्हटलं, सर, दोन दिवस खिसा चाचपता, मग भूक लागते. ते म्हणाले, "बरं, बरं. दिवाळीनंतर पाहतो." दिवाळी होऊन गेली आहे.

मोबाईल पुसून टाका, मामा. दुसऱ्यांदा सांगते.

हर्षा

---

अकोला,
२४ नोव्हेंबर २०२५

मामा,

आज नमस्कार नाही.

काल मनोजकाका पेढ्याचा डबा घेऊन आले. म्हणाले, पातूरचे लोक खूश आहेत, डिसेंबरात साक्षगंध करू. आणि वरून म्हणाले, "सगळ्यात मोठी गोष्ट, पोरगी सोताच म्हणाली की नोकरीचं तुम्ही म्हणाल तसं. त्याइले लय आवडलं."

मी कोणाला म्हणाले? कधी म्हणाले? मी त्या माणसाला समोर उभी राहून उलटं सांगितलं होतं आणि तो "नका सोडू" म्हणाला होता. आता घरी जाऊन त्यानं हे सांगितलं. म्हणजे ते दोन शब्द खोटे होते. पाण्याच्या पाटावरून उडी मारली तेवढीच खरी.

मी बाबांना सांगितलं, नाही म्हणून कळवा. बाबा म्हणाले, "आइतवारपर्यंत थांब. रागात दिलेला नकार वापस घेता येत नाही." मी रविवारपर्यंत थांबते आहे, पण कशासाठी ते माहीत नाही. तुमच्याकडे लांब हात आहेत ना, मग विचारा त्यांना, हे त्यांनी कुठून आणलं.

हर्षा

---

अमरावती,
२६ नोव्हेंबर २०२५

चि. हर्षा,

हे पत्र टपालात टाकत नाही. तुमचा किशोर काल संत्र्यांच्या गाडीवर अमरावतीला आला होता, आज परत निघाला आहे, त्याच्या हाती देतो. रविवारच्या आत तुला मिळालं पाहिजे. आज खरंच पाया पडतो, रीत म्हणून नाही.

ते तू म्हणाली नाहीस. नितेशही खोटं बोललेला नाही. ते मी म्हणालो.

झालं असं. तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी मी तुझा मोबाईल पुसायला घेतला. चार्जिंगला लावला, दुकानाचं नेट त्याला लागलं. तुझं सिम तुझ्या डबड्यात, पण व्हॉट्सॲपला त्याची पर्वा नसते. ते जागंच होतं. टिंग वाजलं. पातूरच्या नंबरावरून, 'शुभ दीपावली', आणि त्याखाली, 'बोलत नाही काय?' मी म्हटलं, एक उत्तर देऊन टाकू, संशय फिटेल आणि मग पुसू. लिहिलं, 'तुम्हालाही शुभ दीपावली. शाळेची कामं होती.' लगेच तिकडून हात जोडले. मी पण जोडले. दुसऱ्या दिवशी आलं, 'जेवण झालं काय?' आता जेवण झालं का विचारलेल्या माणसाला उत्तर न देणं आपल्या घराण्यात नाही.

मग रोजचं झालं. तो विचारायचा, मी सांगायचो. मी चांगल्या पोरीचं काम करत होतो आणि ते इतकं चांगलं वठत होतं की मीच स्वतःवर खूश होतो. गुडघ्याचं, पित्ताचं, सगळं त्यानंच सांगितलं. मला वाटलं, पोरगा मोकळा आहे. मी पण माझं पित्त तुझ्या नावावर सांगून टाकलं. त्यांच्याकडे तुला ॲसिडिटी आहे, लक्षात ठेव.

मग गेल्या आठवड्यात त्यानं विचारलं, 'लग्नानंतर नोकरीचं काय ठरवलं?' त्याच वेळी काउंटरवर एक बाई तिच्या मोबाईलची काच बदलायला घेऊन उभी. तुझं पत्र माझ्या गल्ल्यात होतं, त्यात काय लिहिलं ते मला पाठ होतं. पण एकदा चांगली पोरगी व्हायची सवय लागली की हात आपोआप चालतो. मी लिहिलं, 'तुम्ही म्हणाल तसं.' तुझ्या मामीला मी जन्मात हे वाक्य म्हटलेलं नाही. पण तुझ्या नावानं म्हणताना मला काहीच लागलं नाही, आणि ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

त्यावर तिकडून त्या दिवशी काही आलं नाही. हात पण जोडले नाहीत. मला वाटलं, झोपला असेल.

मोबाईल मी बंद केलेला नाही. आता एकदम बंद केला तर पुन्हा तीच चौकशी. तुझा हुकूम येईपर्यंत मी फक्त 'हं' लिहितो. त्यापलीकडे एक अक्षर नाही.

तू त्या पोराला नकार देऊ नकोस. द्यायचा तर मला दे.

मामा

---

अकोला,
१ डिसेंबर २०२५

ती. मामांना,

किशोरनं पत्र दिलं तेव्हा मी चुलीपुढे उभी होते. वाचून झाल्यावर ते चुलीत घालावं की तुम्हाला, हे ठरेना. आईला काही सांगितलं नाही. तिला सांगितलं असतं तर ती थेट अमरावतीला निघाली असती आणि हे पत्र वाचायला तुम्ही राहिला नसता.

रविवारी सकाळी बाबांना म्हटलं, पातूरला जाते, त्यांच्या नर्सरीत शेवंतीची रोपं चांगली आहेत म्हणतात. बाबा माझ्याकडे पाहत राहिले. साक्षगंधाआधी पोरगी एकटी सासरी जाते असं त्यांच्या सात पिढ्यांत झालं नसेल. मग म्हणाले, "जा. येताना आणजो मंग दोनेक ट्रे. रिकाम्या हातानं आली तर तुह्या मायले काय सांगू?"

नितेश शेडनेटमध्ये ट्रे भरत होता. कोपरापर्यंत हात मातीचे. मला पाहून उभा राहिला, हात मागे लपवले.

"शेवंतीची रोपं पाहिजेत," मी म्हटलं.

"किती?"

"ते नंतर. आधी हे सांगा, तुम्ही मला नोकरीबद्दल का विचारलं? तुम्हाला तर मी मळ्यातच सांगितलं होतं."

"मी कधी विचारलं?"

"व्हॉट्सॲपवर."

तो माझ्याकडे असं पाहायला लागला की मीच वेडी. "माह्याकडं व्हॉट्सॲप कुठचं आलं? तो फोन घरी खुंटीले राहते. रोपाच्या ऑर्डरी येतात त्याच्यावर. मी वापरतच नाही."

"मग मला फोन का नाही केला?"

"बाबा म्हणाले तुमच्या शाळेत परीक्षा चालू आहेत. संपल्यावर बोलजो." मग म्हणाला, "आन् मले फोनवर बोलाले जमत बी नाही. समोर माणूस नसला की मी नुसता हो हो करतो. दोन स्थळं त्याच्यानंच गेली. पोरी म्हणे, पोरगा उत्तरच देत नाही."

मामा, मला तेव्हाच कळलं. पण त्याला नाही कळलं. मी म्हटलं, घरी चला. तो तसाच मातीच्या हातांनी पुढे आणि मी मागे.

अंगणात बाजेवर त्याचे वडील बसले होते, पुंजारामकाका. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मोबाईल हातभर लांब धरलेला आणि एका बोटानं एकेक अक्षर दाबून राहिलेले. ओठ हलत होते. आम्ही आलो ते त्यांना कळलंच नाही. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. वर माझं नाव, माझा फोटो, आणि खाली लिहिलेलं, ऑनलाइन. त्यांनी लिहिलं होतं, 'थंडीचं ऊन बाधते. डोक्यावर पदर घेत जा.'

मी त्यांच्या अंगणात उभी होते, डोक्यावर पदर नव्हता, आणि त्यांच्या हातातल्या मोबाईलमध्ये मी अमरावतीहून ऑनलाइन होते. तेवढ्यात टिंग वाजलं. मी उत्तर दिलं होतं. 'हं.'

काकांनी ते वाचलं आणि वर पाहिलं. मला पाहिलं. मोबाईलकडे पाहिलं. परत मला पाहिलं.

"तुमी इथं," ते म्हणाले. "मंग हे कोण हाये?"

"माझे मामा."

"मामा?"

"धर्मेंद्रमामा. अमरावतीचे."

त्यांनी मोबाईल हळूच बाजेवर उलटा ठेवला, जसा तो तापला असावा. मग नितेश म्हणाला, "बाबा, म्हंजे मी कोण होतो?"

आतून त्याची आई, कौशल्याकाकू, दारात आल्या होत्या. त्यांनी चौकट धरली आणि हसायला लागल्या. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना. "मी म्हणून राहिली, बुढा रोज संध्याकाळी सदरा बदलून काहून बसते," त्या म्हणाल्या. "पोरीशी बोलाचं म्हणून सदरा."

काका बिचारे मान खाली घालून बसले होते. म्हणाले, "नितेश उत्तर देत नाही म्हणून दोन जागा गेल्या. मले वाटलं, हे बी जाईन. म्हणून मीच." मला त्यांचा राग येईना. मला तुमचाही राग येईनासा झाला आणि त्याचा मला राग आला.

पण मी ज्यासाठी गेले होते ते बोलले. समोर बसून बोलले. काका, ते 'तुम्ही म्हणाल तसं' माझं नाही. मी शाळा सोडणार नाही. हे तुम्हाला चालत नसेल तर आत्ताच सांगा, मी रोपं घेते आणि जाते, वाईट वाटून घेणार नाही. हे शेवटचं खोटं होतं, पण तेवढं चालतं.

काकांनी नितेशकडे पाहिलं. नितेश म्हणाला, "मी तर तवाच हो म्हटलं होतं." मग काकांनी बाजेवरून पाय खाली सोडले आणि म्हणाले, "अकोल्याची बस सकाळी सहाले निघते. पुढची आठची हाये, पण ते कधी येते कधी नाही. सहाचीच धरा लागन." झालं. एवढंच म्हणाले. काकू म्हणाल्या, "डबा म्या नाही करणार बाई पाचले उठून. हा करन." आणि नितेशनं मातीच्या हातानं डोकं खाजवलं आणि कपाळाला माती लागली.

निघताना तो बसपर्यंत आला. दोन ट्रे खांद्यावर. सगळ्या रस्त्यात बोलला. मला वाटलं होतं तो कमी बोलतो. तो फोनवर बोलत नाही, एवढंच.

साक्षगंध १४ तारखेला, रविवारी, आपल्याकडे. या. आईला अजून काही माहीत नाही, बाबांना सगळं माहीत आहे. ते फक्त म्हणाले, "तुह्या मामाले म्हण, मोबाईलचं दुकान बी आता भाचीच्याच नावावर कर." मोबाईल पुसला असेल असं धरते.

तुमची,
हर्षा

---

अमरावती,
१६ डिसेंबर २०२५

चि. हर्षा,

पाया पडतो. साक्षगंधाला प्रत्यक्षात पडलो तेव्हा तू पाय मागे घेतले नाहीस, हे मी पाहिलं.

मोबाईल तुझं पत्र आलं त्याच दिवशी पुसला. त्या दिवसापासून दुकानात संध्याकाळी काय करावं ते कळेना. साक्षगंधाचं तुला लिहितो कारण तू आत पाटावर बसली होतीस, बायका कुंकू लावत होत्या आणि बाहेर काय झालं ते तू पाहिलं नाहीस.

पाहुणे आले. मी आणि पुंजाराम समोरासमोर. सबंध महिना ज्या माणसाशी मी रोज बोललो, त्याचं पित्त, त्याचे गुडघे, नितेश लहानपणी विहिरीत पडला होता ते, सगळं मला माहीत. आणि समोर आला तर तोंडातून शब्द निघेना. तो "राम राम" म्हणाला, मी "राम राम" म्हणालो. मग तो छताकडे पाहायला लागला, मी चपलांकडे. आम्हा दोघांना शेजारच्या खुर्च्या दिल्या होत्या. दोघंही अंग चोरून बसलो, पहिल्यांदा दाखवायला आणल्यासारखे.

कौशल्यावहिनींनी ते पाहिलं. भर मांडवात, तुझ्या आईसमोर, चार माणसांसमोर म्हणाल्या, "जा बापा, तुमी दोघं मळ्यातून फिरून या. एकमेकाइले काही विचाराचं असन तर विचारून घ्या." मांडव हसला. तुझे बाबा सगळ्यात जास्त. तुझ्या आईला मात्र कळेना की लोक हसतात कशाला. ती मला आल्यापासून दोनदा विचारून झाली. तिला सांगायचं काम मी तुझ्यावर सोपवतो. लग्न झाल्यावर सांग.

गेलो. तुझ्या शेवंतीच्या मळ्यात, जिथे तुम्हाला बोलायला धाडलं होतं तिथेच. ओळीमधून पुढे तो, मागे मी. मग तो धुऱ्याच्या बांधावर बसला, गुडघा चोळला आणि म्हणाला, "धर्मेंद्रभाऊ, एक विचारू?"

मी म्हटलं विचारा. मला वाटलं, आता शिव्या.

"ते नोकरीचं मी विचारलं आन् तुमी लिहिलं, तुम्ही म्हणाल तसं. त्या रात्री मले झोप नाही लागली."

मी म्हटलं, "मनोज तर म्हणाला, तुम्ही खूश झालात."

"मनोज पेढे खाते तिथं खूशच असते. मी खूश नव्हतो. कौशल्या माह्या घरात आली तवा तिची बी शिलाई मशीन होती, चांगलं काम होतं तिचं. माह्या मायनं विचारलं, आता हे काहाले? ते म्हणाली, तुमी म्हणाल तसं. मशीन माळ्यावर गेलं. तीस वर्षं झाले, अजून तिथंच हाये. तिनं कधी काढलं नाही, मी कधी म्हटलं नाही. तुमचं ते वाचलं आन् वाटलं, हे पोरगी बी तशीच. इतकी गरीब पोरगी आपल्या घरात आणली तर आपणच तिले खाऊन टाकू. मी तर नितेशले म्हणणार होतो, नको करू हे स्थळ."

हर्षा, ऐकते आहेस ना? मी तुझं स्थळ जुळवायला चांगली पोरगी झालो, आणि ती चांगली पोरगी पाहूनच तो माणूस स्थळ मोडायला निघाला होता. तुला नको झालं होतं माझ्यामुळे, त्याला नको झालं होतं माझ्यामुळे. दोन्ही टोकांना मीच होतो.

मी त्याला म्हटलं, "मग?"

तो म्हणाला, "मंग काय. त्या दिवशी ते अंगणात आली, पदर नाही का काही नाही, आन् माह्या तोंडावर म्हणाली, मी सोडणार नाही, चालत नसन तर रोपं घेऊन जाते. तवा माहा जीव भांड्यात पडला."

"माझा पण," मी म्हटलं.

मग आम्ही तिथेच बसलो. आत टाळ्या वाजल्या, म्हणजे तुझ्या बोटात अंगठी गेली असणार. आम्हाला कोणी बोलवायला आलं नाही आणि आम्हीही उठलो नाही. टमाट्याच्या भावावरून आमचं वाजलं होतं. तो म्हणत होता उन्हाळ्यात चढणार, मी म्हणत होतो नाही. तू अंगठी घालून सासऱ्याच्या पाया पडायला मळ्यात आलीस तेव्हा आम्ही एकदम गप्प झालो, ते त्यामुळे.

तुझा मामा,
धर्मेंद्र